परक्या नगरींतला पाहुणा

मौजेलाहि इतिहास असतो, असें म्हटलें म्हणजे आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्या भुंवया वर चढतात. लढाया, तह, राज्यक्रांत्या, धर्मसुधारणा यांना इतिहास असतो हें सर्वांना मान्य आहे. पण परक्या शहरीं चार दिवस जावें, नाटक पाहावें, चांगलें जेवावें आणि बाजारांतून हिंडून घरच्या मंडळींसाठीं चार वस्तु आणाव्या, यांत इतिहासाच्या अभ्यासकानें लक्ष घालण्याजोगें काय आहे, असें ते विचारतील. परदेशगमनाला आमच्या समाजानें फार दिवस दोनच सबबी मान्य केल्या होत्या. एक विद्या आणि दुसरी कामकाज. मौजेसाठीं गेलेला मनुष्य देखील परत आल्यावर कारखाने आणि पदार्थसंग्रहालयें यांचें वर्णन मोठ्यानें करी, आणि नाटकगृहाची हकीकत मित्रांपाशीं हळूच सांगे. आज तो संकोच उरलेला नाहीं. सुटी लागली कीं मराठी कुटुंबें लंडन-पॅरिसला जातात, रात्रीं नाटक पाहतात, भोजनगृहांत बसून हवें तें मागवितात आणि दुकानांतून तास न् तास हिंडतात. तेथें त्यांना कोणी ओळखीत नाहीं आणि ओळखण्याची गरजहि पडत नाहीं. हें जें शेवटचें वाक्य, तेंच या लेखाचें बीज आहे.

कारण आमच्याकडील जुना प्रवास अगदीं याच्या उलट होता. तो प्रवास म्हणजे यात्रा. यात्रेंतहि बाजार असे, गोडधोड असे, कीर्तन-तमाशाहि असे. मौजेच्या दृष्टीनें ती कांहीं कोरडी नव्हती. पण नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास उतरलेल्या माणसाला क्षेत्रोपाध्याय पहिला प्रश्न विचारी तो गांवाचा, आडनांवाचा आणि कुळाचा. मग बासनांतून वही निघे, तींत आजोबा-पणजोबांचीं नांवें सांपडत, आणि एका क्षणांत परका मनुष्य घरचा होई. त्याला उतरण्यास जागा मिळे आणि पंक्तींत पान मिळे. ही व्यवस्था मोठी जिव्हाळ्याची होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्याचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, किंवा ज्याच्या जातीला पंक्तींत पान नाहीं, त्याचें काय, हा प्रश्न ती वही कधींच विचारीत नसे.

युरोपांतहि फार निराळें नव्हतें. अठराव्या शतकांतील इंग्रज उमरावाचा मुलगा देशाटनास निघे, तेव्हां त्याच्या पेटींत कपड्यांच्या जोडीला शिफारसपत्रांचा गठ्ठा असे. त्या पत्रांवांचून चांगल्या घरचा दरवाजा उघडत नसे, आणि चांगलें अन्न व चांगली संगत हीं दोन्ही घरांतच असत. परका मनुष्य परका राहूनच एखाद्या नगरीचा आनंद घेऊं शकेल, ही सोय त्या मानानें नवीन आहे. माझें म्हणणें असें कीं, ती तीन पाट्यांनीं घडवून आणली. नाटकगृहाच्या दारावरचा दर, भोजनगृहाच्या यादींत पदार्थापुढें लिहिलेली किंमत, आणि दुकानांतल्या वस्तूला अडकविलेली भावाची चिठ्ठी, या त्या तीन पाट्या होत.

यांपैकीं वयानें सर्वांत वडील पाटी नाटकगृहाची. १५९९ सालीं बाझल नगराचा टॉमस प्लॅटर नांवाचा एक तरुण वैद्य लंडन पाहावयास आला. त्या वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं दुपारचें जेवण उरकून दोनच्या सुमारास तो सोबत्यांसह थेम्स नदी ओलांडून गेला आणि गवतानें शाकारलेल्या एका नाटकगृहांत ज्यूलियस सीझरची शोकांतिका त्यानें पाहिली. तें नाटक शेक्सपीअरचें आणि तें घर त्याच वर्षीं उभारलेलें ग्लोब, असें बहुतेक पंडित मानतात. प्लॅटरनें काव्याविषयीं फारसें लिहिलें नाहीं. पात्रें सुमारें पंधरा होतीं, आणि शेवटीं दोन पुरुषांनीं पुरुषवेषांत व दोघांनीं स्त्रीवेषांत सुरेख नाच केला, एवढें त्यानें टिपून ठेविलें. पण दाराची व्यवस्था मात्र त्यानें बारकाईनें नोंदली आहे. खालीं उभें राहून पाहावयाचें तर एक पेनी. बसावयाचें असेल तर पुढच्या दारीं आणखी एक पेनी. आणि गादीवर बसून, स्वतः पाहत व इतरांना दिसत, नाटक ऐकावयाचें असेल तर तिसऱ्या दारीं तिसरी पेनी. मध्यंतरीं खाण्यापिण्याचे जिन्नस घेऊन विक्रेते प्रेक्षकांतून फिरत. इंग्रज लोक स्वतः फारसा प्रवास करीत नाहींत, परदेशांत काय चाललें आहे हें ते नाटकांतूनच शिकतात, असाहि एक मार्मिक शेरा त्यानें मारला आहे.

या तीन दारांकडे नीट पाहावें. एकाहि दारीं कोणीं प्लॅटरला त्याचें कुळ विचारलें नाहीं. चांगली जागा आणि वाईट जागा हा भेद तेथें होता, आणि चांगलाच होता. पण तो भेद पेनीनें मोजला जात होता, पूर्वजांनीं नव्हे. उमरावाच्या वाड्यांतील खेळाला प्लॅटरला कोणीं बोलाविलें असतें तरच जातां आलें असतें. ग्लोबमध्यें मात्र तो न बोलावतां गेला, आणि तरीहि आगंतुक ठरला नाहीं.

भोजनाची गोष्ट याहून कठीण होती. अन्नाशीं शुद्धाशुद्ध, मान-अपमान आणि घरपणाच्या कल्पना सर्वच समाजांत घट्ट विणलेल्या असतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसला आलेल्या परक्या माणसानें जेवावें कोठें? खाणावळींत ठराविक वेळीं एक लांब मेज मांडलें जाई. मालक देईल तें, शेजारीं बसलेल्या अनोळखी लोकांच्या हाताला हात लावून, भराभर खावें लागे. रोज येणारीं गिऱ्हाइकें चांगले तुकडे आधींच उचलीत. तयार अन्न विकणाऱ्यांच्या श्रेणी निराळ्या होत्या, आणि कोणीं भाजलेलें मांस विकावें, कोणीं शिजविलेलें विकावें, याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले होते. एकट्या माणसानें, आपल्या सवडीनें, आपल्या आवडीचें, आपल्यापुरतें मागवावें, ही कल्पनाच त्यांत बसत नव्हती.

'रेस्टॉरंट' हा शब्द मुळांत घराचा वाचक नव्हे. अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसरसाचें तें नांव. १७६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें असा रस देणारीं गृहें निघालीं. बुलांझे नांवाच्या सूपविक्यानें पहिलें गृह काढलें, अशी गोष्ट पुष्कळ दिवस पुस्तकांतून सांगितली जात होती. परंतु रिबेका स्पँग या विदुषींनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिला आधार नसल्याचें दाखविलें आणि हा मान माथ्यूरँ रोझ द शांतवाझो या गृहस्थाकडे दिला. प्रकृतीच्या नांवाखालीं सुरू झालेल्या या गृहांत तीन गोष्टी नव्या होत्या. मेज वेगळें, वेळ आपली आणि निवड आपली. लवकरच छापील यादी आली आणि प्रत्येक पदार्थासमोर किंमत आली. राज्यक्रांतीनें उमरावांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनीं रेस्टॉरंटें काढलीं, अशी जी समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे. क्रांतीनें त्यांची संख्या वाढविली, पण आरंभ तिच्या वीस वर्षें आधींच झालेला होता.

बोव्हिलिए हा या धंद्याचा पहिला मोठा पुरुष. राजाच्या भावाच्या मुदपाकखान्यांत तो पूर्वीं होता. १७८२ च्या सुमारास त्यानें आपलें गृह थाटलें आणि त्याला चक्क 'लंडनची मोठी खाणावळ' असें नांव दिलें. ब्रिया-साव्हारँ यानें १८२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याच्याविषयीं लिहितांना सांगितलें आहे कीं, १८१४ व १८१५ सालीं विजयी सैन्यें पॅरिसमध्यें असतांना बोव्हिलिएच्या दारापुढें सर्व राष्ट्रांच्या गाड्या उभ्या असत, तो परकीय अधिकाऱ्यांशीं कामापुरता त्यांच्या भाषेंत बोले, आणि एकदोन वेळां जेवून गेलेला मनुष्य वीस वर्षांनीं आला तरी त्याला ओळखी. आमच्या क्षेत्रोपाध्यायाची आठवण व्हावी अशीच ही स्मरणशक्ति! फरक एवढाच कीं, उपाध्यायाच्या वहींत नांव असल्याशिवाय पान मिळत नसे. बोव्हिलिएकडे आधीं पान मिळे आणि मग नांव स्मरणांत राही.

हा फरक किती मोठा आहे, हें मराठी वाचकाला वेगळें सांगावयास नको. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. रानडे आणि टिळक दोघेहि त्या मंडळींत होते. त्या एका पेल्यानें पुण्यांत ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें कित्येक महिने गाजला. बोव्हिलिएनें दार उघडल्याला तेव्हां शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. आमच्याकडे हा गड पुढें वर्तमानपत्रांतील वादानें जितका पडला, तितकाच मुंबईच्या इराण्याच्या संगमरवरी मेजांनीं पडला असें मला वाटतें. पैसे ठेवावे, चहा घ्यावा, उठून जावें. शेजारीं कोण बसला आहे, याची चौकशी तेथें हळूहळू मागें पडत गेली.

पॅरिसमध्यें या तिन्ही मौजा प्रथम एकत्र नांदल्या त्या पाले-रोयाल नांवाच्या वाड्याच्या आवारांत. ओर्लियाँ घराण्याच्या कर्जबाजारी राजपुत्रानें १७८१ पासून पुढील तीनचार वर्षांत बागेभोंवतीं कमानींच्या ओळी बांधून गाळे भाड्यानें दिले. कमानीखालीं दुकानें, दुकानांशेजारीं कॉफीगृहें व रेस्टॉरंटें, आणि कोपऱ्याला नाटकगृह! पाऊस पडला तरी पाय भिजूं न देतां माणसानें खरेदी करावी, जेवावें आणि नाटकाला जावें, अशी ती योजना होती. कोमेदी-फ्रांसेझ ही नामांकित नाटकसंस्था १७९९ सालीं येथील नाटकगृहांत आली, ती आजहि तेथेंच आहे. १८०२ सालीं इंग्लंड-फ्रान्समध्यें अल्पकाळ तह झाला, तेव्हां दहा वर्षें कोंडून पडलेले इंग्रज प्रवासी लोंढ्यानें पॅरिसला लोटले, आणि पाले-रोयाल पाहिल्याशिवाय कोणी परतला नाहीं म्हटलें तरी चालेल. पुढच्याच वर्षीं ग्रिमो द ला रेनिएर यानें आपल्या खाद्यपंचांगाचा पहिला भाग काढला. कोणत्या आळींतील कोणत्या दुकानीं काय चांगलें मिळतें, हें त्यांत वाटाड्याच्या थाटानें सांगितलें आहे. हा गृहस्थ पूर्वीं नाट्यसमीक्षक होता. सरकारनें त्याचें नाटकविषयक नियतकालिक बंद पाडल्यावर त्यानें तीच लेखणी भोजनाकडे वळविली. परकीयाला सल्ला देणारें समीक्षण नाटकापासून ताटापर्यंत कसें पोंचलें, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

तिसरी पाटी दुकानाची, आणि ती सर्वांत उशिरा सार्वत्रिक झाली. जुन्या दुकानांत पाऊल टाकणें म्हणजे कांहीं तरी विकत घेण्याचा शब्द देण्यासारखेंच होतें. वस्तूला ठरलेला भाव नसे. तो गिऱ्हाइकाचा पोशाख, बोली आणि गरज पाहून ठरे. घासाघीस ही एक कला आहे, आणि आपल्या पेठेंत ती करणाऱ्याला तिची गोडीहि असते. पण परक्या माणसाला ती सदैव महाग पडते, कारण त्याची बोलीच त्याला उघडें पाडते. पॅरिसच्या कांहीं दुकानदारांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच भावाच्या चिठ्ठ्या लावावयास आरंभ केला होता. त्या पद्धतीला भव्य रूप दिलें आरिस्तिद बुसिको यानें. नॉर्मंडीकडील एका टोपीवाल्याचा हा मुलगा १८५२ सालीं 'बाँ मार्शे' या दुकानांत भागीदार झाला, १८६३ सालीं एकटा मालक झाला, आणि १८६९ सालीं त्यानें नव्या अवाढव्य इमारतीचा पाया घातला. एकच भाव, तो वस्तूवर लिहिलेला. आंत येण्यास कोणालाहि मुभा, घेण्याची सक्ति नाहीं. पसंत न पडल्यास माल परत. नफा थोडा ठेवावा आणि खप मोठा करावा, हें त्यामागचें गणित. पुढें त्यानें आंत वाचनालय आणि चित्रदालन ठेविलें, नोकरांच्या गायनमंडळाचे जलसे करविले. दुकान हेंच एक नाटकगृह झालें, आणि त्याला प्रवेशमूल्यहि नव्हतें.

या तीन पाट्या तयार होत्या, तोंच आगगाडी आली. टॉमस कुक हा इंग्रज गृहस्थ कट्टर मद्यनिषेधक. १८४१ सालीं त्यानें आपली पहिली सहल नेली, ती मद्यपानविरोधी सभेसाठीं! त्याच माणसानें पुढें सामान्य लोकांना मौजेच्या राजधानीचा रस्ता दाखवावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. १८५५ च्या प्रदर्शनापासून तो इंग्रजांना पॅरिसकडे नेऊं लागला; १८६१ सालीं दीड हजारांहून अधिक कामकरी लोकांची टोळी त्यानें तेथें नेली; आणि १८६८ पासून त्यानें हॉटेलांचीं कुपनें काढलीं, तेव्हां निजण्याच्या जागेचा भावहि घरीं बसूनच ठरूं लागला. ज्या देशाटनाला पूर्वीं शिफारसपत्रें आणि दोन वर्षें लागत, तें आतां कारकुनाच्या आठवड्याच्या रजेंत बसूं लागलें.

१८६७ च्या प्रदर्शनाच्या वेळीं हा प्रकार कळसास पोंचला. त्या प्रदर्शनाच्या लंबगोल इमारतीचें सर्वांत बाहेरचें कडें निरनिराळ्या देशांच्या भोजनगृहांनीं भरलेलें होतें. ऑफेनबाखच्या 'गेरोलस्टाइनची ग्रँड डचेस' या संगीत प्रहसनाला रशियाचा झार आणि बिस्मार्क यांच्यासारखे पाहुणे येऊन गेले. परंतु माझ्या विषयाला अधिक जवळचें आहे त्याच संगीतकाराचें ३१ ऑक्टोबर १८६६ रोजीं पाले-रोयाल नाटकगृहांत झालेलें 'पॅरिसचें जीवन' हें प्रहसन. स्वीडनचा एक सरदार पत्नीसह मौजेसाठीं पॅरिसला उतरतो. एक रंगेल तरुण वाटाड्याचें सोंग घेऊन त्यांना आपल्याच घरीं नेतो आणि हीच ग्रँड हॉटेलची शाखा असें भासवितो. सरदाराला उच्चकुलीन मंडळींच्या पंक्तीला बसावयाचें असतें. तेव्हां शहरांतला जोडे शिवणारा आणि हातमोजे शिवणारी बाई उंची पोशाख चढवून पंक्तीला येतात, आणि सरदार खूष होतो! पॅरिसच्या प्रेक्षकांनीं, आणि त्यांत बसलेल्या परदेशी पाहुण्यांनींहि, यावर पोट धरधरून हसून घेतलें. त्या हास्यांत एक सत्य होतें. किंमत देऊन मिळणाऱ्या आदरातिथ्यांत पाहुणाहि खरा नसतो आणि यजमानहि खरा नसतो. दोघेहि पात्रें असतात, आणि तरी जेवण मात्र खरें असतें.

येथपर्यंत या पाट्यांची स्तुति झाली. आतां त्यांची मागची बाजू पाहिली पाहिजे; नाहीं तर इतिहासाच्या जागीं जाहिरात लिहिल्यासारखें होईल. बाँ मार्शेच्या उजळलेल्या दालनांत गोड बोलणाऱ्या पोरी दिवसाचे बारा-बारा तास उभ्या असत, आणि त्यांतल्या पुष्कळजणी रात्रीं त्याच इमारतीच्या माळ्यावर निजत. १८६९ सालीं पॅरिसच्या दुकाननोकरांनीं कामाचे तास कमी व्हावेत आणि रविवारची सुटी मिळावी म्हणून संप केला. झोलानें या विश्वावर १८८३ सालीं एक कादंबरी लिहिली, तींत दुकानाचें वैभव आणि त्याखालीं चिरडलेले लहान दुकानदार हे दोन्ही दिसतात. नाटकगृहांत तर टाळ्यांनाहि भाव होता. पैसे घेऊन ठरल्या जागीं टाळ्या वाजविणाऱ्यांची टोळीच तेथें असे, आणि परका प्रेक्षक आपल्याला नाटक आवडलें असें समजून घरीं जाई. ज्याच्याजवळ पेनी नाहीं, त्याला कुळ विचारलें गेलें नाहीं हें खरें. पण त्याला दारहि उघडलें गेलें नाहीं.

आणि हें सर्व किती नाजूक आहे, तेंहि लवकरच दिसून आलें. प्रदर्शनानंतर तीनच वर्षांनीं, १८७० च्या सप्टेंबरांत, प्रशियन सैन्यानें पॅरिसला वेढा दिला. अन्न संपत आलें. प्राणिसंग्रहालयांतले दोन हत्ती, कास्टर आणि पोलक्स, मारून त्यांचें मांस विकलें गेलें. आणि नाताळच्या दिवशीं, वेढ्याच्या नव्याण्णवाव्या दिवशीं, व्हाझँ नांवाच्या नामांकित रेस्टॉरंटनें हत्तीच्या रसाचें सूप आपल्या छापील यादींत घातलें. यादी तीच, लिहिण्याचा थाट तोच; फक्त गरिबांच्या वाट्याला उंदीर आणि धनिकांच्या वाट्याला हत्ती आला. पुढच्या मे महिन्यांत शहरांतच यादवी माजली आणि पाले-रोयालचा कांहीं भाग जळाला. तथापि १८७५ च्या जानेवारींत नवें ऑपेरागृह उघडलें, बाँ मार्शेची इमारत वाढतच राहिली, आणि पाहुणे परत आले. पाट्या पुन्हां लागल्या.

तेव्हां निकाल काय द्यावा? कांहीं थोर विचारवंत म्हणतात कीं, किंमतीनें माणुसकी नासते. तें मला पूर्णपणें पटत नाहीं. वहींत नांव असलेल्यांना जी माणुसकी मिळते ती गोड असते. पण ज्याचें नांव वहींत नाहीं त्याला प्रथम लागतें तें प्रेम नव्हे, त्याला लागते ती निर्वेध वाट. दारावरच्या भावानें ती वाट करून दिली. तिनें माणसाला माणसाचा सखा केलें नाहीं, हें कबूल. पण अनोळखी माणसाकडे पाहून प्रथम त्याचें कुळ विचारण्याची संवय तिनें मोडली, आणि ही संवय मोडण्यास उपदेशकांना शतकें पुरलीं नव्हतीं. मात्र दाराशीं थांबलेला आणि दारामागें राबणारा, हे दोघेहि त्या हिशेबाबाहेर राहिले आहेत. त्यांना आंत घेण्याचें काम पाटीनें होत नाहीं, तें माणसांनाच करावें लागतें.

परक्या नगरींत नाटक संपल्यावर एखाद्या लहानशा भोजनगृहांत बसून यादी उघडणाऱ्या मराठी माणसाला हें सर्व आठवावें, अशी अपेक्षा नाहीं. त्यानें सुखानें जेवावें. पण वाढणाऱ्यानें आपल्याला 'आपण कोण' असें न विचारतां 'आपल्याला काय हवें' एवढेंच विचारलें, हें क्षणभर त्याच्या लक्षांत आलें, आणि त्या वाढणाऱ्याचें जेवण झालें आहे कीं नाहीं असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला, तर त्याची सुटी व्यर्थ गेली असें कोणीं म्हणूं नये.